पोटातलं पाणी

माझ्या नवऱ्याचं पोट आतून दगडासारखं गच्च झालेलं असताना मी त्याला जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवायला नको. गोळ्यांची अदलाबदल झाली नव्हती, चष्माही डोळ्यांवरच होता. पदर खोचून, सुनेला गप्प बसवून, चांगला विचार करून दिल्या. तेव्हा मी साठीची होते. आताच्या मानाने तरुणच म्हणायची. आणि तरुणपणी बाईला सगळंच कळत असतं.

पोटाचं तर मला जरा जास्तच कळायचं. लग्न होऊन भिवंडीच्या नारपोलीत आले आणि थोड्याच वर्षांत आळीतल्या सगळ्या पोटांची मी मुखत्यार झाले. बायका पोरांना काखोटीला मारून यायच्या. मी जीभ बघायची, दोन बोटांनी पोट वाजवायची आणि निकाल द्यायची. ह्याला ओवा द्या, ह्याला एरंडेल, ह्याला काही झालेलं नाही, ह्याला फक्त शाळा नको आहे. आमच्या घरी महिन्यातून एकदा एरंडेलाचा रविवार असायचा. मुलं घराखालच्या आमच्या यंत्रमागांच्या, लूमच्या कारखान्यात जाऊन सुताच्या पेट्यांमागे लपायची आणि मी एकेकाला कानाला धरून वर आणायची. एकदा नवरा म्हणाला, पोरांना पाजतेस, कधी स्वतः पिऊन बघ. मी त्यालाच पाजलं. त्या दिवशी कारखान्यात कुठला ना कुठला लूम बंद पडत होता आणि मालक काही जागेवर सापडत नव्हता. कामगार हसत होते. वरच्या खिडकीत उभी राहून मी त्यांच्याहून जास्त हसत होते.

तर अशी ती बाई. तिच्या हातात पुढे एका आजारी माणसाचं पोट आलं.

तोंडावर मी नवऱ्याला ‘आवं’ म्हणायची, पाठीमागे ‘म्हातारा’. इथेही म्हाताराच म्हणते, वाचायला तो नाही. घराखालीच त्याचे थोडे लूम होते. आयुष्य त्या खडखडाटात गेल्यामुळे तो मोठ्याने बोलायचा आणि फार थोडं बोलायचा. लघवीच्या जागेची गाठ निघाली तेव्हा ती आधीच हाडांत उतरलेली होती, कमरेत, मांडीत, मणक्यात. मुंबईच्या डॉक्टरांनी मुलाला सांगितलं की आता बरं होण्यातलं हे नाही, दुखू नये एवढं बघू. मुलाने ते आम्हाला सांगितलं. खाली लूम चालू होते. म्हाताऱ्याने कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, कोपऱ्यातल्या लूमचा पट्टा ढिला झालाय, बघायला सांगा.

त्या दिवसापासून मी नीट जेवले नाही. भूकच मेली. ताटात घेतलेलं सुनेच्या नकळत परत टोपात टाकायची. बाकी कामं चालू होती.

भिवंडीतच एक डॉक्टरीण अशा रुग्णांचं दुखणं बघायला घरी यायची. इथल्याच मोमीन घरातली, चाळिशीची, एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी बोलणारी. म्हाताऱ्याला चाचा म्हणायची, मला मावशी. तिने मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. त्याआधी तो पाय पोटाशी घेऊन, एकाच कुशीवर, दात आवळून पडून राहायचा. गोळी लागू पडली त्या दुपारी पाय लांब करून झोपला आणि घोरायला लागला. त्याच्या घोरण्यावरून मी चाळीस वर्षं कटकट केली होती. त्या दुपारी हातातली भाजी खाली ठेवून ते ऐकत बसले.

गोळीबरोबर डॉक्टरिणीने एक गोड सिरपही दिलं होतं आणि बजावलं होतं की गोळी चालू आहे तोवर हे बंद करायचं नाही, काहीही झालं तरी मला विचारल्याशिवाय नाही. ही गोळी दुखणं झोपवते तशी आतडीही झोपवते, ती म्हणाली. मी मान हलवली. कुणी मला पोटाचं काही सांगायला लागलं की मी मान हलवायची आणि कान मिटून घ्यायची.

आतडी झोपली. पहिले काही दिवस म्हातारा बोललाच नाही. मग एकदा संडासातून भिंतीला धरत बाहेर आला, कपाळावर घाम, आणि नुसती मान हलवली. आमच्या घरात त्या गोष्टीचा उच्चार नको म्हणून आम्ही एक खूण ठरवली होती. नारपोलीत दिवसातून एकदा तरी वीज जातेच, म्हणून मुलगा कामावरून फोन करून विचारायचा, लाइट आली का? मी म्हणायची, न्हाय रे, मोठा फॉल्ट दिसतोय. शेजारीण एकदा ते ऐकून म्हणाली, आमच्याकडे तर आहे लाइट. म्हातारा आजारपणातही तोंडावर पांघरूण घेऊन हसला होता.

पुढे हसायचं संपलं. मी माझं सगळं भांडार काढलं. दुधात तूप घातलं, पपई दिली, सोनामुखीचा काढा दिला. आणि रोज इसबगोल, तोही वाटीभर दुधात भिजवलेला, कारण त्याच्याहून जास्त तो प्यायचा नाही. पाणी त्याने स्वतःच कमी केलं होतं. पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागायचं आणि उठलं की हाडं बोलायची. मला ते दिसत होतं. मी मनात म्हणायची, पाणी नाही तर नाही, इसबगोल तर पोटात जातोय.

मग त्याने गोळीला नाही म्हणायला सुरुवात केली. आधी दुपारची, मग रात्रीची. मी पाण्याचा पेला घेऊन उभी राहायची आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. त्याला कळलं होतं की ह्या गोळीनेच पोट बांधलंय. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाला, “दुखतंय त्ये सोसंन मी. ह्ये न्हाय सोसत गो.”

आमच्या हातात उरलेलं सगळं त्या गोळीत होतं. मरण टळणार नव्हतं, त्याने आणि मी दोघांनीही ते गिळलं होतं. न कण्हता जावं, पाय लांब करून जावं, एवढंच मागणं होतं. ते गोळीवर अवलंबून होतं आणि गोळी त्याच्या पोटावर. म्हणून मी देवापुढे बसून त्याच्यासाठी संडास मागत होते. देवाने माझ्याकडून याआधी बरंच काही ऐकलं असेल, हे पहिल्यांदाच ऐकलं असणार.

आणि एका सकाळी झालं. तो आत गेला, आणि मी दाराला कान लावून उभी होते, ते ऐकलं. पाणीच पाणी. मी दाराबाहेर हात जोडले. सुनेला हाक मारली, मुलाला फोन लावला, लाइट आली म्हणून सांगितलं. म्हातारा बाहेर आला तेव्हा मी त्याचा हात धरून, एखाद्या पोराला शाबासकी द्यावी तशी पाठ थोपटली. तो काही बोलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलंच नाही, माझाच चेहरा मला आवरत नव्हता. त्या दिवशी मी स्वतः सुकटीचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, आणि त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून जेवले. सुनेला सांगितलं, बघ, तुमच्या डॉक्टरिणीचं सिरप एका बाजूला आणि माझा इसबगोल एका बाजूला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. तिसऱ्या दिवशी तर त्याला संडासापर्यंतही जाता येईना. उठायच्या आत कपडे खराब व्हायचे. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मला त्याचा मळका रुमालही धुवू दिला नाही, कामगारांसमोर शर्टाचं वरचं बटण कधी उघडं ठेवलं नाही, त्याची चादर मी दिवसातून कितीदा बदलायची. तो डोळे मिटून पडून राहायचा, जणू डोळे मिटले म्हणजे आम्हाला तो दिसणार नाही. मी त्याला म्हणायची, असू दे हो, एवढे दिवस तुंबलेलं होतं ते निघतंय. मग तेही थांबेना तेव्हा निकाल दिला की सिरप जास्त झालं आणि जुलाब लागले.

निकाल दिला म्हणजे दिला. सिरप बंद. केळं, दहीभात, जायफळ उगाळून. आणि सुनेला मेडिकलमध्ये पाठवून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणवल्या. ती दारात घुटमळली. म्हणाली, आई, डॉक्टरीणबाईंना एक फोन करते ना आधी. मी म्हटलं, तुझा नवरा ह्याच हातांनी वाढला, त्याचं पोट कधी कुणाला फोन करून बघितलं होतं मी? ती गेली आणि गोळ्या घेऊन आली. मी दोन दिवस त्या त्याला चारल्या. पाणी खरंच कमी झालं. मी खूश. असला आनंद देव कुणाला न देवो.

पाणी कमी झालं आणि म्हातारा संपत आला. जेवण सुटलं. पेजेचा एक घोट घेतला तरी उमासे यायचे. पोट फुगून ढोलकीसारखं ताणलं, त्यावर चादरीचा भारही त्याला नको व्हायचा. मॉर्फिनची गोळी त्याने पार सोडली आणि हाडांचं दुखणं सगळं परत आलं, वर पोटाचं वेगळं. सून खोलीत असेपर्यंत तो दात आवळून राहायचा. ती गेली की कण्हायचा. खालचे लूम चालू असले की त्याचं कण्हणं ऐकू यायचं नाही, फक्त ओठ हलताना दिसायचे. मी ते ओठ बघत बसायची. वीज गेली, लूम थांबले, की आवाज यायचा, आणि मला वाटायचं वीज लवकर यावी.

एक दिवस तो मला ओळखेना. मला त्याच्या आईच्या नावाने हाक मारली. तेव्हा सुनेने मला न विचारता डॉक्टरिणीला फोन केला. बरं केलं.

डॉक्टरीण आली, तिने पोटावर हात ठेवला, इथे तिथे दाबलं, नळी लावून ऐकलं. मग आम्हाला बाहेर काढून बोटाने तपासलं. बाहेर आली तेव्हा हातमोजे काढत होती. तिने आधी विचारलं, सिरप किती दिवस बंद आहे. मी सांगितलं. दुसरं काय दिलं, विचारलं. मी गोळ्यांची पट्टी पुढे केली. तिने ती उलटीसुलटी केली आणि टेबलावर ठेवली. आवाज न चढवता म्हणाली, “मावशी, ये जुलाब नहीं था. चाचांचं पोट भरलेलं आहे, पूरा जाम.”

मी म्हटलं, पण पाणी येत होतं. मी डोळ्यांनी बघितलंय.

ती म्हणाली, तेच तर. खाली सुकून खड्यासारखा मळ बसलाय, बाहेर येत नाही. त्याच्या वरचं पातळ आहे ते त्याच्या बाजूने वाट काढून झिरपतं. बघणाऱ्याला वाटतं जुलाब. आणि ते थांबवायला गेलं की जाम आणखी घट्ट होतो.

मला लहानपणचा बांध आठवला. माझा बाप कशेळीच्या खाडीकाठचा, खारजमिनीतला शेतकरी होता. आता तिथे गोदामं आहेत आणि ट्रकांची रांग, पण माझ्या लहानपणी तिथे बांध होता आणि बांधात उघाडी. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये आणि शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून बांधात ठेवलेलं लाकडी झापेचं दार म्हणजे उघाडी. ती गाळाने तुंबली की शेतातलं पाणी बांधातल्या खेकड्यांच्या बिळांतून झिरपायला लागायचं. आम्ही पोरं ओरडायचो, पाणी चाललं, पाणी चाललं. बाप मात्र तो पाझर बघून चिडायचा आणि फावडं घेऊन कमरेइतक्या चिखलात उतरायचा. पाझर दिसला म्हणजे उघाडी बंद आहे, हे मी सात वर्षांची असताना शिकले होते. साठाव्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या अंथरुणात तोच पाझर बघून मी भाकऱ्या थापल्या.

पुढचं काम डॉक्टरिणीने स्वतः केलं. गाठीने वाट अडवलेली नाही याची तिने आधी खात्री करून घेतली. मग त्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन, हाताने हळूहळू मोकळं केलं. मग एनिमा. बराच वेळ लागला. मी त्याच्या डोक्याशी बसले होते. त्याने तोंडावर टॉवेल घेतला होता आणि टॉवेलाखालून माझा हात धरला होता. किती घट्ट, ते नंतर माझ्या बोटांना कळलं. ती त्याच्याशी साधं बोलत होती, लूम किती आहेत, सूत कुठून येतं, आणि तो टॉवेलाखालून एकेका शब्दात उत्तर देत होता. तिने एकदाही नाक मुरडलं नाही. मी आयुष्यभर पोटांची पुढारी होते, पण मळाला हात लावायची वेळ आली की मी पाणी ओतायची आणि दुसरीकडे बघायची.

संध्याकाळी हात धुऊन, चहा घेत, तिने मला आणि सुनेला समजावलं. मी या खेपेला कान उघडे ठेवले होते. आपण दिवसभरात पितो त्याच्या कितीतरी पट पाणी अंग स्वतःच पोटात सोडतं, ती म्हणाली. लाळ, जठरातला रस, पित्त, आणि आतड्याच्या अस्तरातून पाझरणारं पाणी, सगळं मिळून कळशीभर. त्यात अन्न भिजतं, पातळ होतं, सरकतं. पुढे जाता जाता अंग तेच पाणी परत ओढून घेतं, आणि शेवटी मळात जेमतेम ओल राहते. सोडायचं आणि ओढायचं, दोन्ही बरोबर चाललं तर माणसाला आपल्याला आतडी आहेत हे आठवतही नाही. मॉर्फिन आतड्यांची चाल मंद करतं आणि पाणी सोडणंही कमी करतं. मळ जितका वेळ आत पडून राहील तितका वेळ अंग त्याच्यातून पाणी ओढत राहतं, मग त्याचा खडा होतो.

मी विचारलं, म्हणजे मी जास्त पाणी पाजायला हवं होतं का. ती म्हणाली, पाजायला हवंच, पण नुसतं पाजून भागत नाही. प्यायलेलं पाणी वरच्या वरच शोषलं जातं आणि लघवीतून निघून जातं, तिथवर पोचतच नाही. आणि इसबगोल? तो पाणी पिऊन फुगतो. चालत्या-फिरत्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला तो चांगला. आतडी झोपलेली आणि पाणी नाही, तिथे तो वाटेतच बसून राहतो. हे ती माझ्याकडे न बघता, कपाकडे बघून म्हणाली. सुनेनेही माझ्याकडे बघितलं नाही. दोघींनी माझ्यावर फार मोठे उपकार केले.

मग तिने एक नवी कॅप्सूल लिहून दिली. गोड सिरप पोटात न पचता राहतं आणि पाणी धरून ठेवतं, ते पुन्हा सुरू करायचंच, आतड्यांना ढकलणारी एक गोळीही द्यायची, पण ह्या माणसाला तेवढ्याने पुरणार नाही, म्हणाली. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना बारीक बारीक दारं असतात. त्या दारांतून मिठातला एक अंश आतड्याच्या पोकळीत उतरतो. तो उतरला की बाकीचं मीठ त्याच्यामागे जातं आणि मिठाच्या मागे पाणी. कॅप्सूल फक्त ती दारं उघडते. पाणी अंगातलंच.

सून म्हणाली, “म्हणजे लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवतो, तसं?”

डॉक्टरीण हसली आणि म्हणाली की साधारण तसंच. फक्त इथे मीठ आपण लावत नाही, अंगाला लावायला सांगतो. सुनेला ते एका वाक्यात कळलं. तीस वर्षं लोणचं घालणारी मी तिथेच बसले होते.

कॅप्सूल जेवणाबरोबर द्यायची होती, नाहीतर मळमळायचं. जेवण म्हणजे चार घास पेज, पण आम्ही त्याला जेवण म्हणायला लागलो. जादू झाली नाही. कधी व्हायचं, कधी एखादा दिवस चुकायचा, एक-दोनदा पुन्हा एनिमा द्यावा लागला. पण खडा धरला नाही. म्हाताऱ्याने गोळी पुन्हा घ्यायला सुरुवात केली, आधी माझ्याकडे संशयाने बघत, मग स्वतः मागून. मुलाचा फोन आला की आता तोच घ्यायचा आणि म्हणायचा, लाइट हाय, चालू हाय. पाय हळूहळू लांब झाले. एका दुपारी पुन्हा घोरला.

दिवाळीच्या आधी तो गेला. दुपारी, झोपेत, खाली लूम चालू असताना. मुलगा बंद करायला धावला, मी म्हटलं, राहू दे जरा वेळ. दुखत नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. शेवटच्या दिवसांत तो कण्हला नाही.

पण त्याच्याकडे मोजकेच दिवस होते आणि त्यातला एक अख्खा आठवडा मी खाल्ला. लोक म्हणतात, असं कसं म्हणता, तुम्ही केवढं केलंत. मी केवढं केलं तेच तर सांगतेय. आता माझंही पोट वयाने सुस्तावलंय. सून रात्री सिरप आणून समोर धरते आणि मी घेईपर्यंत हलत नाही. मी तोंड वाकडं केलं की म्हणते, आई, एरंडेल आणू का. पेन्शनीत निघालेल्या मुखत्याराला असंच वागवतात. आळीतल्या नव्या बायका अजून कधी पोरं घेऊन येतात. मी पोट वाजवत नाही आता, नुसती विचारते, पाणी किती पितं, शेवटचं कधी झालं, आणि डॉक्टरकडे पाठवते. त्यांना वाटतं म्हातारी सगळं विसरलीय.

माझ्या घशाशी अजून अडकलेलं आहे ते त्या सफाईच्या संध्याकाळचं. डॉक्टरीण गेली. शुक्रवार होता, म्हणजे लूमची सुट्टी, खाली सगळं शांत. सुनेने धुतलेली चादर घातली होती. म्हाताऱ्याला मी कोमट पाण्याने पुसलं, बनियन बदललं. त्याने गोळी घेतली होती आणि ती लागू पडायची वाट बघत तो छताकडे बघत होता. शुद्ध पूर्ण आली होती. मी खाटेच्या कडेवर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. जुलाब नव्हते. पोट भरलेलं होतं. मला कळायला हवं होतं. सिरप मी बंद केलं, त्या गोळ्या मी चारल्या, सून सांगत होती तरी चारल्या. आयुष्यात मी त्याच्याकडे कधी माफी मागितली नव्हती, त्यामुळे शब्द कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. मी म्हटलं, शिव्या द्या मला. देत का नाही? आठवडाभर तुम्ही असे तळमळत होतात आणि मी पाठ थोपटत होते.

त्याने शिव्या दिल्या नाहीत. माझ्या हाताची सुजलेली बोटं अंगठ्याने चोळत राहिला. मग लूम बंद असूनही, सवयीने मोठ्या आवाजात म्हणाला,

“मना त्याच दिशी ठावं व्हतं गो, आत तसंच हाय म्हनून. पन तू किती दिसांनी भाकरी मोडून जेवाया बसली व्हतीस. तुझ्या तोंडचा घास कसा काढू?”